कुडाळकरणीचं गाणं

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी वयनी गेल्या. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. त्यांच्या मुलाचा, सुनीलचा, फोन आला. तो म्हणाला, "काकी, आई गेली." मी ताट बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि निघाले. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे आणि त्यात ये-जा करण्यापुरती वाट ठेवलेली आहे. त्या वाटेने मी बेचाळीस वर्षं जाते आहे. त्या दिवशीही तिथूनच गेले.

वयनी म्हणजे माझी चुलत मोठी जाऊ. नाव इंदिरा, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. आमच्या वाडीत सुनेला तिच्या नावाने क्वचितच ओळखतात. ती ज्या गावाहून आली त्या गावाच्या नावाने ओळखतात. वयनी गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आरोंद्याच्या, म्हणून आरोंदेकरीण. मी कुडाळची, म्हणून कुडाळकरीण. ही नावं नुसती हाक मारण्यापुरती नसतात. भाद्रपदात गौरीपुढे ज्या फुगड्या घातल्या जातात, त्यांतल्या गाण्यांनाही हीच नावं असतात. अमुक गाणं देवबागकरणीचं, तमुक आरोंदेकरणीचं. गाणं कोणी रचलं हे कोणाला ठाऊक नसतं आणि कोणी विचारतही नाही. कोणाबरोबर आलं, एवढं माहीत असतं.

त्यामागे आमच्या वाडीचा एक रिवाज आहे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून फळाफुलांनी भरलेलं सूप गौरीपुढे ओवाळून ववसा करते. दुपारी जेवणं झाली की बायका वयनींच्या ओटीवर गणपतीपुढे फेर धरतात, आणि त्या फेरात नव्या सुनेने आपल्या माहेरचं एक गाणं द्यायचं असतं. ती पहिली ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात, आणि त्या दिवसापासून ते गाणं तिच्या गावाच्या नावाने वाडीत राहतं. माझ्या पहिल्या गौरीला मी त्या फेरात उभी राहिले आणि मला काहीच आलं नाही. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील पोस्टमास्तर, त्यांनी मला एकट्याने वाढवलं, वाचायला शिकवलं, शिकवून नोकरीयोग्य केलं. आमच्या घरात फेर धरायला बाईमाणूसच नव्हतं. मी नव्या साडीत घामाने भिजून उभी राहिले. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "कुडाळकरणीन गाणा हाडूक नाय, पुस्तकां हाडल्यान." ते खरंच होतं, गाणं मी आणलं नव्हतं आणि माझ्या ट्रंकेत निम्मी पुस्तकं होती. सगळ्या हसल्या. त्या हसण्यात काटा नव्हता, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र जमीन दुभंगावी असं झालं होतं. तेव्हा वयनींनी माझा हात धरून मला फेराच्या कडेला आणलं, आणि बायकांना एवढंच म्हणाल्या, "तिचा मागसून येतला." लगेच त्यांनी स्वतःचं गाणं सुरू केलं, फेर फिरायला लागला, आणि माझ्याकडे बघायला कोणाला वेळ राहिला नाही.

ते वाक्य पुढे चाळीस वर्षं टिकलं. दर गौरीला कोणीतरी विचारायचीच, "इला काय गो कुडाळकरणी, तुजा गाणा?" मग दुसरी म्हणायची, एस्टी चुकली वाटतं. कोकण रेल्वे आली त्या वर्षी म्हणाल्या, आता गाडीने येईल. मी हसायचे. तोवर मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि ओटीच्या कडेला, खांबाला टेकून, माझी एक जागा झाली होती. फुगडी सुरू झाली की मी वही काढायचे. हातात वही असली की फेरात कोणी ओढत नाही, हा मला लागलेला शोध होता.

आधी मी नुसती गाणी उतरवून घेत होते. पुढे मला त्यांच्या इतिहासाची ओढ लागली. फुगडी किती जुनी, कुठून आली, गौरीशी तिचा संबंध कसा जुळला, हे शोधायला मी मिळतील ती पुस्तकं चाळली. इथल्या देवळांबद्दल पानंच्या पानं सापडली, दशावताराबद्दल सापडलं, भजनांबद्दल सापडलं. फुगडीला एखादी ओळ मिळे, आणि तीही "बायकांचा खेळ" म्हणून. वयनींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "खेळ? मगे ती गवर हंय कित्या येता?" नुसत्या खेळासाठी गवर इथे कशाला येईल, त्यांच्या हिशेबी ते सरळ होतं. गवर ही माहेरवाशीण. पाणवठ्यावरून तेरड्याच्या रूपाने तिला घरात आणायचं, भाकरी-भाजीचा नैवेद्य दाखवायचा आणि तिच्यापुढे नाचायचं. गणपतीची पूजा भटजी सांगतात, आरती पुरुष म्हणतात. गौरीसाठी जे म्हणायचं ते बायका नाचून म्हणतात. आणि नाचणाऱ्या सगळ्या दुसऱ्या गावांहून आलेल्या, त्या तीन दिवसांत स्वतःच्या माहेरी जाऊ न शकलेल्या. हे त्यांनी मला एका दमात कधी सांगितलं नाही. कधी कुळीथ पाखडताना एक वाक्य, कधी काजू फोडताना एक. मी ती वाक्यं घरी येऊन लिहून ठेवायचे.

सनावळ्या त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यांचा काळ सुनांवर मोजलेला होता. हे गाणं देवबागकरीण आली त्या वर्षीचं, ते त्यांच्या सासूच्या सासूबरोबर आलेलं, त्यातले दोन शब्द आता कोणालाच कळत नाहीत. मला वाटलं, हाच इतिहास. कोणत्या गावाहून कोणती सून आली, तिच्याबरोबर कोणतं गाणं आलं, आणि त्या गाण्यात तिच्या गावाचं काय काय आलं, हे नीट मांडलं तर एका वाडीच्या ओटीवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा उभा राहील. निवृत्त झाल्यावर मी तेच केलं. आमच्या वाडीतल्या फुगडीच्या गाण्यांची एक पुस्तिका तयार केली, प्रत्येक गाण्याखाली गावाचं नाव आणि टीप दिली. देवबागकरणीच्या गाण्यात होडी, वल्हं, जाळं असे शब्द आहेत. त्यावर मी किनाऱ्यावरच्या जीवनाचं प्रतिबिंब वगैरे अर्धं पान लिहिलं. आणि गाण्यांची भाषा मी थोडी नीट केली. तीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल शाई चालवणाऱ्या हाताला ते आपसूक जमलं. वयनींचं स्वतःचं गाणं असं होतं:

गवर इली पाण्यातसून, पाय पुसूक दी गो

मी ते "गौर आली पाण्यातून, पाय पुसण्यास द्या" असं केलं. बाहेरच्या वाचकाला कळावं, हा हेतू होता. आणि ओळीओळीच्या शेवटी येणारा "गो" मी सगळ्याच गाण्यांतून काढला. तो मला पादपूरक वाटला. अर्थाला त्याची गरज नव्हती.

वाचनालयात पुस्तिकेचं प्रकाशन झालं तेव्हा वयनी पहिल्या रांगेत, चाफ्याची फुलं माळून बसल्या होत्या. मला त्या दिवशी मनातून वाटत होतं की माझं गाणं आलं, उशिरा आलं, पण आलं. त्याच वर्षी तालुक्याच्या स्पर्धेसाठी शाळेतल्या मुलींनी पुस्तिकेवरून फुगडी बसवली. ढोलकी होती, पेटी होती, मुलींनी सारख्या रंगाच्या साड्या नेसल्या होत्या. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्याला लय वाढली, मुलींचे हात एकमेकींत अडकले, फेर वेडावाकडा झाला आणि एक मुलगी रंगमंचावर गुडघ्यांवर आपटली. तिला लागलं फार नाही, पण ती रडायला लागली. परीक्षक म्हणाले, सराव कमी पडला. मलाही तसंच वाटलं. आम्ही रिक्षातून परत आलो. गडग्यापाशी उतरल्यावर वयनी थांबल्या.

"ता चेडू पडला, ता काय पाय घसरान न्हय," त्या म्हणाल्या. "तू गो काढलंस. आता तेनी हात सोडूचो खंय?"

त्या आत गेल्या. घरी येऊन मी माझ्या जुन्या वह्या काढल्या आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी ताल धरून एकेक ओळ म्हणून पाहिली. फेरात बायका हात तिढा घालून धरतात. ओळ संपते तिथे एक हात सोडायचा आणि पुढचीचा धरायचा. तो हात सुटतो आणि दुसरा मिळतो तेवढा वेळ म्हणजे "गो". श्वासही तिथेच घ्यायचा. ओटीच्या कडेला बसून इतक्या वर्षांत मी शेकडो वेळा तो शब्द ऐकला होता, आणि एकदाही फेरात नसल्यामुळे तो कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं. ज्या एका गोष्टीवर सगळी फुगडी फिरते ती मी छापताना काढून टाकली होती. उरलेल्या प्रतींचा गठ्ठा मी कपाटात ठेवला आणि पुन्हा कोणाला दिला नाही. शाळेत पुढच्या वर्षी लेझीम बसवलं.

वयनी त्यावर पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत. आमचं जाणं-येणं, भाजीची देवाणघेवाण, पेज उतू जाईस्तोवर गप्पा, सगळं तसंच चालू राहिलं. फक्त फुगडीबद्दल काही विचारलं की त्या हसून म्हणायच्या, वही ठेव आणि हात दे. मी कधी गुडघ्याचं कारण सांगायचे, कधी चष्म्याचं. एकदा म्हणाले, वयनी, या वयात आता मी काय शिकणार? त्या म्हणाल्या, "तुज्या वहीर शिरा पडो," ही आमच्याकडची लटकी शिवी, आणि काजू फोडत राहिल्या. त्यांच्याकडे आरोंद्याचं आणखी एक गाणं आहे, एवढं मला त्यांच्या गुणगुणण्यावरून कळलं होतं. ते वाडीत कधी म्हटलं गेलं नव्हतं. मी मागितलं की त्या विषय बदलत. मला वाटायचं, माझ्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. बरोबरच होतं ते.

गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांना उभं राहवत नव्हतं. उन्हाळ्यात खुब्याचं हाड मोडलं होतं आणि काठी घेऊन त्या कशाबशा ओटीपर्यंत यायच्या. घरातल्या बाकी सगळ्या खोल्यांत सुनीलने लादी घातली आहे, पण ओटीला त्यांनी हात लावू दिला नव्हता. लादीवर पाय धरत नाही म्हणून. शेणाने सारवलेल्या त्या जमिनीत, गणपतीसमोर, जोडीच्या फुगडीत पायांचे अंगठे जिथे रुततात तिथे एक उथळ खळगा आहे. दरवर्षी गणपती गेले की त्या माती घालून तो चोपायच्या आणि दरवर्षी तो पुन्हा पडायचा. गौरीपूजनाच्या दुपारी बायका फेर घालून, चहा पिऊन आपापल्या घरी गेल्या. मी कप गोळा करत होते. वयनी माटवीखाली पाटावर बसल्या होत्या, वर काकड्या, शहाळी, सुपाऱ्यांचे घोस टांगलेले. त्यांनी मला हाक मारली आणि वही कुठे आहे म्हणून विचारलं. पिशवीत आहे म्हटलं. म्हणाल्या, पिशवी पडवीत ठेवून ये. मग त्यांनी मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि हात पुढे केले. त्यांचे हात गरम होते आणि हाडं लागत होती.

ते गाणं आरोंद्याच्या खाडीवरचं. माहेराला निघालेली गवर तरीपाशी, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीपाशी येते. तरीवाला तिला आत घेण्याआधी विचारतो:

तरीवालो इचारता, खंयची लेक गो?

इथे गाणं थांबतं. फेरातल्या एकीने आपल्या माहेरगावाचं नाव घ्यायचं, मग ओळ पुढे जाते, होडी एक वल्हं पुढे सरकते, आणि तरीवाला पुढचीला विचारतो. सगळ्यांची गावं संपली की गवर पैलतीराला लागते. वयनींनी ओळ म्हटली, "गो"वर डावा हात सोडला, मी दोन वेळा चुकले, त्यांनी दोन्ही वेळा माझा हात नुसता जागेवर आणून ठेवला. तिसऱ्या वेळी हात सुटला आणि मिळाला. तरीवाल्याने विचारलं आणि मी म्हणाले, कुडाळची. मला वाटतं, त्या ओटीवर मी गाण्यात म्हटलेला तो पहिला शब्द...

बराच वेळ आम्ही तशाच बसून ते म्हणत राहिलो. मग त्यांना दम लागला आणि आम्ही थांबलो. त्या म्हणाल्या, "ह्या तुजा."

मी म्हणाले, "वयनी, पण ह्या आरोंद्याचा."

"तरीवाल्यान तुका इचारल्यान, माका न्हय," त्या म्हणाल्या.

लिहून घेऊ का, असं मी विचारलं. लिही म्हणाल्या, पण गो काढू नको. मग चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, विसर्जनाआधीच्या फेरात त्यांनी पाटावरूनच सगळ्यांना सांगितलं की कुडाळकरणीचं गाणं आलं आहे. मी फेरात उभी राहिले. पहिली ओळ म्हटली. बायकांनी ती उचलली. एकेकीने आपलं गाव सांगितलं, आणि मला कोणी काही विचारलं नाही.

त्यांच्या बाराव्यानंतर आम्ही चार-पाचजणी त्यांच्या मागच्या पडवीत भांडी पुसत होतो. माझ्या मनात वर्षभर एक गोष्ट सलत होती. ज्या इतिहासाची मी एवढी मिजास बाळगली, त्यात मी स्वतःच्या नावाने एक खोटी नोंद करून घेतली होती. आता खरं सांगू शकणारं माणूसही गेलं होतं. मी हातातलं तपेलं खाली ठेवून सांगून टाकलं की माझं गाणं कुडाळचं नाही, वयनींनी मला दिलेलं आहे. कोणी मान वर केली नाही. देवबागकरीण, आता वयाने आमच्यात सगळ्यांत मोठी, म्हणाली, "तां आमका ठावक आसा गो. माजा तरी देवबागचा खंय?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तिचे वडील शाळेत शिपाई, घरी होडी नाही, आई कायम आजारी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याजवळही गाणं नव्हतं. गौरीच्या आदल्या दिवशी वयनींच्या सासूबाईंनी तिला गोठ्यात बोलावून ते शिकवलं. देवबागची आहेस, तर होडी असलेलं गाणं शोभेल म्हणाल्या. "तेनी जल्मात होडयेक पाय लावूक नव्हतो," देवबागकरीण सासूबाईंबद्दल म्हणाली आणि बाकीच्या हसू लागल्या. मीही हसले. किनाऱ्यावरच्या जीवनाच्या प्रतिबिंबावर लिहिलेलं माझं अर्धं पान मला आठवत होतं. आणखी किती गाणी अशी आहेत, असं मी विचारलं. तिने ताट पुसून पालथं घातलं आणि म्हणाली, तू शाळा शिकलेली, तूच बघ. रिकाम्या हाताने आलेल्या सुनेला एक गाणं द्यायचं, आणि ते तिच्याच गावाचं म्हणून सांगायचं. बहुधा हाही रिवाजच असावा. तो कोणत्याच पुस्तकात नाही, कारण तो न बोलण्यावरच चालतो.

हे मी इथे लिहिते आहे, तेव्हा तो मी मोडते आहे का, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या वाडीत वर्तमानपत्राची ही पुरवणी येते आणि वाचली जाते. पण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ठाऊकच आहे, आणि गाण्याचं नाव त्यांनी काही बदललेलं नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची मी ठरवलं आहे. त्यात प्रत्येक गाण्याखालचं गावाचं नाव आहे तसंच राहील. माझ्या टीपा जातील. भाषा बायकांच्या तोंडी आहे ती असेल.

आता श्रावण संपत आला आहे. वयनींच्या घरी यंदा वर्षाचं दुःख आहे. गणपती येईल, गवर येईल, पण त्यांच्या ओटीवर फुगडी होणार नाही. ती आमच्या ओटीवर होईल. आमच्याकडे लादी आहे आणि पाय धरणार नाहीत, याची मला काळजी होती. देवबागकरीण म्हणाली, पाय पुसून उभ्या राहू. सुनीलने परवा विचारलं की काकी, ओटीला आता लादी घालून घेऊ का, सारवायला कोण आहे? मी म्हटलं, मी आहे. शेण कालवायला मी या वयात शिकले. पहिल्यांदा पातळ झालं, दुसऱ्यांदा भेगा पडल्या, आता बरं जमतं. दर शनिवारी सकाळी मी गडग्यातल्या वाटेने जाते, ओटी सारवते आणि वाळेपर्यंत पायरीवर बसते.

ओटी आहे. गणपतीसमोरचा खळगा आहे. गेल्या वर्षी तो चोपायचा राहून गेला होता. गाणं आहे, ते माझ्या नावावर आहे, आणि गो त्याच्या जागेवर आहे.